अण्णांनी वाचलेली धून

कीबोर्ड आमच्या घरी आला तो भाचीच्या कंटाळ्यामुळं. तिनं तो हट्टानं घेतला, तीन महिने वाजवला, वर्षभर धूळ खात ठेवला आणि पुण्याला नोकरीला जाताना माझ्या दिवाणावर आणून टाकला. "मावशी, तू लहानपणी पेटी वाजवायचीस ना? तुला होईल." मी तेव्हा शाळेतून नुकतीच निवृत्त झाले होते. बत्तीस वर्षं भूगोल शिकवला होता आणि आता सकाळी दहानंतर काय करायचं हे मला कळत नव्हतं. म्हणून मी ठेवून घेतला.

पेटी मी वाजवायचे हे खरं, पण ती कुणी ऐकली नव्हती. माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, कारखान्यात रात्रपाळीला असत. दिवसा घरात ते झोपलेले आणि आम्ही चवड्यांवर चालणाऱ्या. संगीताच्या बाईंनी शाळेची जुनी पेटी सुट्टीपुरती घरी न्यायला दिली, तर आईनं दारातच बजावलं, आवाज झाला तर परत पाठवीन. मग मी भाता बंद ठेवून पेटी वाजवायची. पट्ट्या दाबायच्या, सूर मनात ऐकायचा. दोन सुट्ट्या मी अशा काढल्या. बाई म्हणायच्या, बोटं छान बसलीत तुझी, गळा मात्र काहीच तयार नाही. त्यांना मी कारण सांगितलं नाही.

आता घरात आम्ही दोघंच आहोत, मी आणि अण्णा. त्यांचं वय एक्याऐंशी. सोलापूरच्या पूर्व भागात, मागांच्या खडखडाटात त्यांची सगळी उमर गेली. आधी मागावर आणि नंतर चादरीच्या डिझाइनचे पुठ्ठे पाडायला. त्यात कान गेले. एकदम नाही, हळूहळू, आणि गेली दोन वर्षं तर पार. मी त्यांच्या कानाशी ओरडते, पाहुण्यांचं बोलणं त्यांना परत ओरडून सांगते, त्यांचं उत्तर पाहुण्यांना नीट करून सांगते. कानातल्या मशीनचा विषय काढला की एकच उत्तर. "मला काय करायचीय? ऐकण्यासारकं काय बोलताय तुमी?"

हे वाक्य मला लागायचं. मी चिडून स्वयंपाकघरात जायची आणि भांडी जरा जोरात आपटायची. तेही त्यांना ऐकू जायचं नाही.

तर माझ्या मनात आलं ते एवढंच: अण्णांना एकदा, एकदाच, माझं वाजवणं ऐकवायचं. समोर बसवून वाजवणं जमणार नव्हतं. कुणी समोर बसलं की माझी बोटं अडखळतात, आणि अण्णा पाच मिनिटांवर एका जागी बसत नाहीत. म्हणून ठरवलं की आधी चांगलं रेकॉर्ड करायचं, चुका काढायच्या, आणि मग हेडफोनमधून मोठ्ठ्या आवाजात त्यांच्या कानात ओतायचं.

पहिलं रेकॉर्डिंग मी मोबाइलवर केलं. कीबोर्डच्या शेजारी मोबाइल उभा केला, पंखा बंद केला, कुकर उतरवून ठेवला, दूधवाल्याला उद्या ये म्हटलं. भूपाची एक छोटीशी धून, माझीच जुळवलेली, दोन मिनिटांच्या आतली. नीट वाजवली. मग ऐकायला घेतली, तर मोबाइलमधून माग चालल्याचा आवाज! खटाखट, खटाखट, आणि त्याच्या मागं कुठंतरी, गर्दीत हात धरून चाललेल्या पोरीसारखी, माझी धून. मला वाटलं मोबाइल बिघडला. भिंतीला कान लावला. आमच्या भिंतीला लागून कारखाना आहे, बारा मागांचा, माझ्या जन्माच्या आधीपासून. मी गेली कित्येक वर्षं तो ऐकलाच नव्हता. पंखा ऐकला, कुकर ऐकला, दूधवाला ऐकला, आणि बारा माग नाही ऐकले. मी दिवाणावर बसून एकटीच हसले. मग वाटलं, अजून काय काय ऐकलं नसेल आपण?

दुसऱ्या दिवशी कीबोर्डच्या मागच्या भोकाचा मोबाइलवर फोटो काढून घेतला आणि मोबाइलच्या दुकानात गेले. हेडफोनचं भोक मला माहीत होतं, पण हे दुसरं, चौकोनी, कशाचं ते कळत नव्हतं. दुकानदारानं फोटो मोठा करून बघितला. "ये तो प्रिंटरवाली केबल है मॅडम. उसके आगे ओटीजी का छोटा पिन लगाव, मोबाइल में घुसाव, हो गया." मी विचारलं, आवाज कसा जाणार तारेतून? तो म्हणाला, "आवाज नहीं जाता. क्या जाता वो मेरेको भी नहीं मालूम. पर काम होता." असा प्रामाणिक दुकानदार मिळायला भाग्य लागतं.

काय जातं ते मी घरी येऊन शोधलं. शाळेच्या ऑनलाइन वर्गांच्या दिवसांतला एक टॅब माझ्याकडं पडून होता. त्यात एक फुकटचं ॲप घेतलं, केबल जोडली, लाल बटण दाबलं आणि वाजवलं. पडद्यावर आवाजाची नागमोडी रेघ येईल असं वाटत होतं. आल्या त्या छोट्या आडव्या पट्ट्या. प्रत्येक सुराला एक पट्टी, वरचा सूर वर, खालचा खाली. बोट जितका वेळ दाबलेलं तितकी पट्टी लांब. परत लावलं तर धून अगदी स्वच्छ आली. माग नाही, काही नाही. मग मी एक यादी उघडली आणि पियानोच्या जागी बासरी निवडली, तर माझीच धून बासरीवर! सतार निवडली, सतारीवर! मी तर काही पुन्हा वाजवलं नव्हतं. मग मी वाजवलं काय होतं? बराच वेळ विचार केला तेव्हा उमगलं की यंत्रानं आवाज घेतलाच नव्हता. कोणतं बोट कधी पडलं आणि कधी उठलं, तेवढंच त्यानं लिहून ठेवलं होतं. दुकानदार बरोबर बोलत होता.

त्यानंतरचे दोन महिने मी भाकरी करायची, अण्णांना जेवायला वाढायची, आणि टॅबसमोर बसायची. चुकलेली पट्टी बोटानं धरून सरकवता येते, हे कळलं तेव्हा मला चोरी केल्यासारखं वाटलं. मग सवय झाली. ठेक्याचं टकटक लावून वाजवायचं असतं हे वाचलं, तर ते टकटक आणि भिंतीपलीकडचे माग यांचं जमेना. एकाकडं लक्ष द्यावं तर दुसरा ओढायचा. कारखान्याच्या साप्ताहिक सुट्टीला सगळं शांत झालं, म्हटलं आज काम होईल, तर त्या दिवशी माझा ठेका पार विस्कटला. दर सुट्टीला हेच. माझी बोटं इतकी वर्षं कुणाच्या चालीवर चालत होती ते तेव्हा कळलं. शेवटी टकटक बंद केलं, माग चालू असताना वाजवलं, आणि एक मिनिट चाळीस सेकंदांची धून पुरी झाली. मी ती वीस वेळा ऐकली. एकही चूक सापडली नाही.

मग तो दिवस. दुपारी जेवण झाल्यावर अण्णा खुर्चीत बसले होते. मी हेडफोन त्यांच्या कानावर चढवले, आवाज शेवटपर्यंत वाढवला आणि बटण दाबलं.  

अण्णा थोडा वेळ समोर बघत बसले. मग कपाळाला आठी पडली. "काय तरी गुणगुणतंय. माशी शिरली काय ह्याच्यात?" आणि हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

मला रडू आलं. त्यांना दिसू नये म्हणून मी टॅब त्यांच्या मांडीवरच सोडला आणि पाणी प्यायला आत गेले. आत उभी राहून स्वतःला चार शब्द सुनावले. कान गेलेल्या माणसाला गाणं ऐकवायला निघालीस, तुला अक्कल आहे का, वगैरे. बाहेर आले तर अण्णा टॅबवर वाकलेले. धून कधीच संपली होती, पडद्यावर नुसत्या पट्ट्या होत्या, आणि ते पडद्याला न टेकवता एकेका पट्टीवरून बोट फिरवत होते.

"हे कुणी पाडलं?" ते म्हणाले.

मी कानाशी जाऊन ओरडले, "काय पाडलं?"

"पुठ्ठं."

पुठ्ठे म्हणजे काय ते सांगायला हवं. चादरीवर जो मोर किंवा जी कोयरी उमटते, ती मागाला तोंडानं सांगता येत नाही. आधी चौकटीच्या कागदावर चित्र काढतात, मग त्यातली एकेक ओळ जाड पुठ्ठ्याच्या पट्टीवर भोकं पाडून लिहितात, आणि त्या पट्ट्यांची दोऱ्यानं ओवलेली लांबलचक माळ मागाच्या डोक्यावर चढवतात. जिथं भोक असेल तिथला धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. एक पट्टी गेली की पुढची येते. अण्णांनी वीस-बावीस वर्षं ही भोकं पाडली. त्या वर्षांत त्यांच्या हाताखालून चादर गेली नाही, चादरीचं लिहिणं गेलं.

अण्णांना टॅब आडवा नको होता. पुठ्ठे वरून खाली येतात, म्हणून त्यांनी टॅब उभा धरला, तर चित्रही फिरून पुन्हा आडवंच. त्यांनी परत फिरवला, चित्र परत फिरलं. "वढाळ हाय की ह्ये!" ते टॅबवरच खेकसले. मी फिरणं बंद केलं आणि टॅब उभा दिला. आता पट्ट्या वरून खाली आल्या. अण्णांचा चेहरा बदलला. इतके दिवस त्या चेहऱ्यावर मी लक्षच दिलं नव्हतं, नुसती त्यांच्या कानांकडं बघत होते. ते पुटपुटत मोजायला लागले.

"चार येळा तेच हाय," ते म्हणाले. बरोबर होतं, धुनेची पहिली ओळ चार वेळा येते. "पयला बरोबर, दुसरा बरोबर. ह्यो तिसरा बघ. हितं एक भोक खाली सरकलंय."

मी म्हटलं, नाही सरकलेलं. मी वीस वेळा ऐकलंय.

"तू ऐकलंस. मी बघालोय की."

मी टॅब घेतला, चित्र मोठं केलं, पहिली ओळ आणि तिसरी ओळ शेजारी शेजारी आणली. तिसऱ्या ओळीतला शेवटचा पंचम पाव मात्रा उशिरा पडला होता. पुन्हा ऐकलं, आता लक्ष देऊन. होतं! तिथं धून किंचित लंगडत होती आणि मी ते वीस वेळा न ऐकताच पुढं गेले होते. ज्या माणसाला माझी धून माशीची गुणगुण वाटली होती, त्यानं तिच्यातली चूक काढली होती. मला राग यायला हवा होता. आला नाही. मी ती पट्टी वर सरकवली, टॅब त्यांना दाखवला. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "आता चालू दे माग."

दुसऱ्या दिवसापासून टॅब माझा राहिला नाही. जेवण झालं की अण्णा हात पुढं करायचे. एकदा विचारलं, "ह्याच्यात मी पाडलं तर चालंल का?" मी त्यांना ॲपमधली पेन्सिल दाखवली. बोट टेकलं की पट्टी उमटते, पुन्हा टेकलं की जाते. ते चौथीतल्या पोरासारखं जीभ दाताखाली धरून बसले. त्यांना त्यांच्या हातचं एक जुनं डिझाइन आठवत होतं, शंकरपाळ्याच्या आकाराचं फूल. पहिल्या ओळीत मधोमध एक भोक, पुढच्या ओळीत तीन, मग पाच, असं पंधरापर्यंत फुलत जायचं आणि परत मिटत एकावर यायचं. आठ दिवस त्यांचं ते चाललं होतं. हात थरथरतो, त्यामुळं बोट शेजारच्या चौकोनात पडायचं, मग खोडायचं, परत पाडायचं. मधेच मला हाक मारायचे आणि सांगायचे, हितं कोपरा हाय, तितं पाकळी, ही जागा रिकामी सोडावी लागती न्हायतर फूल गुदमरतं. दोन वर्षांत ते माझ्याशी एवढं बोलले नव्हते. मला काही ओरडावंही लागत नव्हतं, नुसतं बघून मान हलवली की पुरायचं.

नवव्या दिवशी फूल पुरं झालं. दिसायला खरोखर देखणं होतं. अण्णांनी टॅब माझ्याकडं दिला.

"वाजव."

मी बटण दाबलं. आधी एक सूर आला, बरा. मग तीन शेजारी शेजारचे सूर एकदम, मग पाच, मग सात, आणि मग पंधरा पट्ट्यांवर कुणी आडवा हात ठेवून बसावं तसा गोंधळ, आणि तो परत मिटत मिटत एकावर. मांडणीवरची भांडी कोसळावीत आणि शेवटी एक वाटी गोल फिरत राहावी, तसलं काहीतरी. माझा चेहरा मी शक्य तितका सरळ ठेवला.

"कसं हाय ऐकायला?"

मी कानाशी गेले. "चांगलं आहे!"

अण्णा माझ्याकडं बघत राहिले. "तोंडावरनं वाटत न्हाय."

"वेगळं आहे," मी ओरडले.

त्यांनी टॅब परत घेतला, फुलावरून बोट फिरवलं. मग टॅबकडं बघतच म्हणाले, "ती कानातली मशीन. कुटं मिळती म्हनालीस?"

आता खरं सांगते, माझं डोकं फिरलं. दोन वर्षं मी या माणसाच्या विनवण्या केल्या. डॉक्टर झाले, बहीण झाली, भाचीनं पुण्याहून फोनवरून रडून पाहिलं. माझी धून ऐकायला मशीन नको होती. माझा आवाज ऐकायला नको होती. आणि स्वतःचं शंकरपाळं ऐकायला हवी! मी रागारागानं उठले, आत गेले, आणि भांडी न आपटता फोन उचलून दुसऱ्या दिवशीची वेळ घेतली. राग होता तरी वेळ घेतली, कारण त्यांचं मन रात्रीतून फिरलं असतं.

कानांच्या तपासणीच्या जागी एक तरुण बाई होती, अतिशय सावकाश काम करणारी. तपासणीला तास गेला. मग तिनं ट्रायलची मशीन अण्णांच्या दोन्ही कानांत बसवली, कॉम्प्युटरवर काहीतरी कमीजास्त केलं आणि आम्हाला म्हणाली, पाच मिनिटं बसा, सवय होऊ द्या. अण्णा खुर्चीत ताठ बसले होते. पंख्याकडं वर बघितलं. खुर्ची करकरली तर दचकून खाली बघितलं. मला वाटलं आता काढून फेकणार.

"आण," ते म्हणाले. टॅब मी बरोबर नेलाच होता.

त्यांचं फूल लावलं. एक सूर, तीन, पाच, सात, आणि पुढचा सगळा गोंधळ. अण्णांचे डोळे विस्फारले. फूल मिटेपर्यंत त्यांनी ऐकलं आणि मग माझ्याकडं असं बघितलं की जणू ते मीच पाडलं होतं.

"लई वंगाळ हाय की गं!"

मी हसले. ती बाईही तोंड फिरवून हसली. अण्णा थोडे ओशाळले, नाक पुसलं, आणि टॅबकडं बोट दाखवून म्हणाले, "तुजं लाव."

मी माझी धून लावली. आवाज शेवटपर्यंत वाढवायची गरज नव्हती. त्यांच्याकडं बघायचा मला धीर झाला नाही, म्हणून मी पडद्यावर सरकणारी रेघ बघत बसले. पहिली ओळ गेली, दुसरी गेली. तिसरी गेली तेव्हा त्यांच्या बोटानं खुर्चीच्या हातावर एकदा टिचकी मारली, बरोबर पंचमावर. मग अंतरा, मग परत पहिली ओळ, आणि संपलं. एक मिनिट चाळीस सेकंद.

"पुढं?" अण्णा म्हणाले.

"एवढंच आहे, अण्णा," मी म्हटलं.

मी कानाशी गेले नव्हते. ओरडलेही नव्हते. जागेवर बसून, नेहमीच्या बोलण्याच्या आवाजात मी ते म्हटलं होतं, आणि ते माझं मलाच कळायच्या आत अण्णा माझ्यावर डाफरले, "एवडंच? दोन म्हयने मग काय करत होतीस?"